कळ उजवीकडे, कारण भलतीकडे

गरोदर बाईच्या पोटात उजवीकडे खाली कळ आली की हल्ली पाड्यावरसुद्धा पहिला शब्द निघतो तो अपेंडिक्स. हा शब्द घराघरांत पोचला हे चांगलंच झालं, त्यानं जीव वाचतात. पण एकदा तो उच्चारला की दुसऱ्या कशाचा विचार करायला कोणी तयार नसतं. उलटही होतं. अपेंडिक्स नाही म्हटलं की 'मग काही नाही, गॅस असेल' म्हणत बाईला घरी धाडतात. या दोन टोकांच्या मध्ये बरीच दुखणी आहेत. त्यातली काही तर इतकी विरळा की डॉक्टरच्या आख्ख्या नोकरीत एखाद्याच वेळी दिसावीत.

आटगाव हे मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटरवरचं, कसारा मार्गावरचं स्टेशन. बाजूनं नाशिकचा महामार्ग जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथल्या पेशंटला काय अडचण? गाडीत बसवलं की शहापूर, तिथून ठाणे नाहीतर कळवा. पण स्टेशन गावाला आहे, पाड्यांना नाही. तानसाच्या जंगलाकडच्या एखाद्या पाड्यावरून डांबरी रस्त्यावर यायलाच पावसाळ्यात डोली करावी लागते. मुरबाड तालुक्यात तर रेल्वेच नाही, सगळी भिस्त कल्याण-उल्हासनगरच्या रस्त्यावर.

पुढे जे दोघं बोलतात त्यातले एक निवृत्त सर्जन, मुंबईच्या सरकारी रुग्णालयातली नोकरी संपवून आटगावजवळ जमीन घेऊन राहिलेले. दुसऱ्या निवृत्त आरोग्यसेविका, मुरबाड आणि शहापूरच्या उपकेंद्रांत हयात घालवलेल्या. ही कुणा खऱ्या माणसांची चित्रं नव्हेत, मी रचलेली आहेत. त्यांचा वाद मात्र या भागात कुठे ना कुठे रोज चालू असतो.

डॉक्टर : मी तुम्हाला सोपा नियम सांगतो, सिस्टर. गरोदर बाई, उजवीकडे दुखतंय, तासा-दोन तासांत थांबत नाही. गाडी बोलवा आणि पाठवा. कारण शोधत बसणं तुमचं काम नव्हे.

सिस्टर : मग आमचं काम काय? चिठ्ठी फाडणं?

डॉक्टर : रागावू नका. १९०८ सालीच बॅब्लर नावाच्या अमेरिकी सर्जननं लिहून ठेवलंय की गरोदरपणात अपेंडिक्सनं बाई दगावते ती खरं तर उशिरानं दगावते. १९७७ सालचा एक आढावा आहे. अपेंडिक्स फुटायच्या आत ऑपरेशन झालं तर बाळ गमावण्याचं प्रमाण १.५ टक्के, फुटल्यावर ३६ टक्के. मधे काही तासच असतात. ते तास तुम्ही प्रश्न विचारण्यात घालवणार?

सिस्टर : अपेंडिक्स असेल तर नाही घालवणार. पण ते असतं किती जणींना?

डॉक्टर : साधारण दीड हजार गरोदर बायकांत एकीला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६६,९९३ बाळंतपणं पाहिली होती. ६७ जणींना अपेंडिक्स असावं असं डॉक्टरांना वाटलं. निघालं ४५ जणींना.

सिस्टर : आणि उरलेल्या २२?

डॉक्टर : त्यांचं अपेंडिक्स तसं नव्हतं.

सिस्टर : पण पोट तर दुखतच होतं ना त्यांचं? मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तीनातल्या एकीबद्दल अंदाज चुकतो, आणि आमच्या ओसरीवर बसलेल्या आशाताईनं मात्र डोळे मिटून पाठवावं?

डॉक्टरांचा एक गुण मला आवडतो. ते स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडाही लपवत नाहीत. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या ३,१३३ गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची अपेंडिक्सची ऑपरेशनं झालेली. साधं, न फुटलेलं अपेंडिक्स निघालं त्यांच्यात बाळ गमावण्याचं प्रमाण २ टक्के. गुंतागुंत झालेलं निघालं त्यांच्यात ६ टक्के. आणि ज्यांचं अपेंडिक्स निरोगीच होतं, म्हणजे ऑपरेशनची गरजच नव्हती, त्यांच्यात ४ टक्के.

डॉक्टर : 'शंका आली तर उघडून बघा' हेच आम्हाला शिकवलं होतं. गरोदर बाईच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही हे मला मान्य आहे. विनाकारण पोट उघडलं तर त्याची किंमत पडते, आणि खरं दुखणं काय होतं ते तसंच राहून जातं. पण हा निर्णय टेबलाशी व्हायचा, पाड्यावर नाही. तुम्ही नाव शोधायला गेलात तर चुकाल. आम्हीही चुकतो, पण आमच्याकडे निदान सोनोग्राफी असते, तिथे नाही दिसलं तर मोठ्या गावात एमआरआय असतो.

सिस्टर : नाव तुम्हीच ठेवा हो. मला फक्त पाठवण्याआधी चार गोष्टी विचारू द्या. नाहीतर काय होतं सांगते. खर्डीच्या पुढच्या पाड्यावरची बाई. बरोबर सासू. नवऱ्याची दिवसाची मजुरी बुडाली, लहान पोर शेजारणीकडे. आधी शहापूर, मग ठाणे, रात्रभर बाकड्यावर. सकाळी कुणीतरी पोट दाबून बघतं आणि म्हणतं, गर्भाशयाला धरणारे बंध ताणलेत, घरी जा, पाणी पी. खरंच तेवढंच असतं पुष्कळदा. ती परत येते. पुढच्या वेळी दुखलं तर ती मला सांगेल? भिंतीकडे तोंड करून पडून राहील.

डॉक्टर : सांगायला पाहिजे.

सिस्टर : पाहिजे तर बरंच काही. गडचिरोलीला डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणं अंगावर काढायची सवय मोडायला आम्हाला वर्षं लागतात. ती परत लागायला एक फुकटची खेप पुरते.

इथे डॉक्टर गप्प बसले नाहीत, पण आवाज जरा खाली आला. फुकटच्या खेपेला ते फुकटची मानत नाहीत. शंभर जणी पाठवल्या आणि एक वाचली तर त्यांच्या लेखी हिशेब जुळला. सिस्टरांचा हिशेब वेगळा, त्या न आलेल्या बायकांचाही आकडा धरतात, आणि तो कुठल्याही रजिस्टरात नसतो. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कातकरी बायकांचा तर पत्ताच नसतो. चार महिन्यांची पोटुशी बाई इथल्या यादीत असते आणि विटा थापत असते भलत्याच तालुक्यात.

सिस्टर : तुम्हाला एक विचारू? तुमच्या वॉर्डात पोट दुखणाऱ्या बाईला कुणी विचारायचं का, काल रात्री झोपली होतीस कुठे?

डॉक्टर : नाही. काय संबंध?

सिस्टर : मण्यार.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना पुढचं कळलं होतं.

सिस्टर : पावसाळा. घरात भाताची कणगी, कणगीमागे उंदीर, उंदरामागे मण्यार. रात्री अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की चावा जाणवतही नाही, जाणवला तर मुंगी चावली असेल म्हणून बाई कूस बदलते. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे उठते ती पोटात कळ घेऊनच. उलटी होते. आता ती गरोदर असली तर घरातले सगळे बाळाकडेच बघणार. सातवा महिना असला तर म्हणणार कळा सुरू झाल्या, उजवीकडे हात ठेवला तर म्हणणार अपेंडिक्स. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलताना जीभ अडखळते. त्यानंतर श्वास.

डॉक्टर : खरं आहे. तिचं विष नस आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे काम करतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी आणि उलटी झाली तर मण्यार आठवा, असं सर्पदंशाच्या प्रशिक्षणात सांगतात. घोणस चावली तर रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवलं की कळतं, गोठत नाही. मण्यारीत ते व्यवस्थित गोठतं, म्हणून त्या तपासणीवर विसंबून राहता येत नाही. आणि अशा बाईला अपेंडिक्स समजून भूल द्यायची, स्नायू सैल करणारं औषध द्यायचं... नको, त्याचा विचारच नको.

सिस्टर : आणि सापाच्या विषावरची लस देताना हात आखडतात, बाई गरोदर आहे म्हणून.

डॉक्टर : ते चूक. विषाला बाई गरोदर आहे की नाही याच्याशी घेणं नसतं, प्रतिविषाचा डोस तोच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी. पण एक म्हणतो, हे काही गरोदरपणातल्या पोटदुखीचं कारण नव्हे.

सिस्टर : बाई गरोदर आहे. पोट दुखतंय. तुमच्या पुस्तकातल्या कोष्टकात बसत नाही म्हणून ती काय दुखायची थांबणार आहे?

मला सिस्टरांचं हे म्हणणं या सगळ्या वादाचा गाभा वाटतं. परदेशी पुस्तकांतली विरळा कारणांची यादी तिथल्या बायकांवरून बनलेली असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर काम केलं ते कोकणातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून. असा एखादा माणूस भेटेपर्यंत आपल्याकडच्या दुखण्याला पुस्तकात जागा मिळत नाही. मण्यार दुर्मीळ कारण आहे खरं, पण शहापूर-मुरबाडच्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कइतकं दुर्मीळ नाही.

डॉक्टरांनी मग आपली यादी काढली, आणि ती ऐकण्यासारखी होती. अंडाशयाला पीळ पडणं हे पहिलं. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अंडाशय मोठं झालेलं असतं, त्यात गाठ असली तर ते स्वतःभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. हे उजवीकडे जास्त होतं, कारण डावीकडे मोठं आतडं जागा अडवून बसलेलं असतं. कळ अचानक येते, उलटी घेऊन येते, कधी सुटते आणि पुन्हा धरते. वेळेवर पीळ सोडवला तर अंडाशयही वाचतं आणि गर्भही राहतो. दुसरं, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीत रक्त साकळणं. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या जागी बोटसुद्धा लावू देत नाही बाई. इथे उलट, चाकू दूर ठेवायचा. विश्रांती आणि डॉक्टरनं दिलेलं साधं वेदनाशामक यानं बहुतेक वेळा ते निवळतं. एकाच जागी दुखणाऱ्या दोन बायका, एकीला ताबडतोब टेबलावर घ्यायचं आणि दुसरीला टेबलापासून लांब ठेवायचं.

सिस्टर : आणि टीबी? तो राहिला.

डॉक्टर : बरोबर आठवण केलीत. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो कोपरा टीबीचा आवडता, आणि अपेंडिक्स अगदी तिथलंच. पण त्यात सहसा आधीपासून काहीतरी चालू असतं, संध्याकाळचा ताप, वजन न वाढणं. गरोदर बाईचं वजन वाढत नाही तेव्हा आपण पोषण आहाराकडे बघतो, आतड्याकडे नाही.

मूत्रपिंडाच्या संसर्गाबद्दल फार बोलणं झालं नाही, कारण तो विरळा नाहीच. वाढतं गर्भाशय उजव्या मूत्रनलिकेला जास्त दाबतं, लघवी अडते, थंडी वाजून ताप येतो. लघवीची साधी तपासणी झाली तरी बरंच कळतं. आतड्याच्या जन्मजात पिशवीचा दाह, आतड्यावरच्या चरबीच्या पदराला पडलेला पीळ, गर्भाशयाच्या मागची शीर आपोआप फुटून पोटात होणारा रक्तस्राव, अशी नावं डॉक्टर घेत गेले. सिस्टर ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ही उघडल्यावर दिसणारी नावं. मला बाहेरून दिसणारी सांगा."

तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते आशाताईंनी लिहून घ्यावं असं आहे. बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर पोटावर हात ठेवण्याआधी बीपी घ्या. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबात यकृताला इजा होते, रक्तातल्या बिंबिका घटतात, आणि ते दुखणं पित्ताचं किंवा अपेंडिक्सचं समजलं जातं. पोट लाकडासारखं कडक लागतंय आणि मधे सैल पडतच नाही, तर वार सुटली असेल, रक्त बाहेर दिसो न दिसो. आधीचं बाळंतपण सिझरनं झालंय आणि टाक्यांच्या जागी दुखतंय, तर घाई करा. आदिवासी पाड्यावरची बाई, सांधे आणि पाठही दुखतेय, डोळे पिवळट, तर सिकलसेल विचारा. त्या कळेत पोट इतकं दुखतं की सर्जनही फसतो.

सिस्टर : आता माझं एक घ्या. नसबंदी झालेली बाई.

डॉक्टर : ती गरोदर कशी असेल?

सिस्टर : हेच सगळे म्हणतात! ती स्वतःही म्हणते. पाळी दहा दिवस पुढे गेली, कुणी मनावर घेत नाही. उजवीकडे दुखतं, चक्कर येते. 'ऑपरेशन झालंय' म्हटल्यावर दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट कोणी काढत नाही.

डॉक्टर : तुम्ही मला पकडलंत. नसबंदी क्वचितच फसते, पण फसली तर गर्भ नळीत राहण्याची शक्यता नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकेत नसबंदी झालेल्या १०,६८५ बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. १४३ जणींना दिवस गेले, त्यातल्या ४७ जणींचा गर्भ गर्भाशयाबाहेर होता. सुमारे एक तृतीयांश. नळी फुटली की पोटात रक्त साठतं, बाई पांढरी पडते, खांद्यात कळ येते आणि तिला वाटतं ओझं उचलल्यानं खांदा भरला.

सिस्टर : इथे कुटुंब नियोजन म्हणजे बाईचीच नसबंदी. मग हे कारण आमच्याकडे विरळा मानायचं की नाही, तुम्हीच सांगा.

विषय रस्त्यावर आला तेव्हा दोघंही मोकळेपणानं हसले. २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गमतीदार वाटणारा पण गंभीर अभ्यास आला होता. दवाखान्यात येताना गतिरोधकावर गाडी उडाली तेव्हा पोटात कळ आली का, एवढंच रुग्णांना विचारलं. अपेंडिक्स ठरलेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांनी हो म्हटलं. कळ आली नाही तर अपेंडिक्स असण्याची शक्यता फारच कमी, असा निष्कर्ष. डॉक्टरांना हे फार पटलेलं.

सिस्टर : तुमच्या साहेबांच्या गावात रस्ता सपाट आणि मधेच एक गतिरोधक. आमच्याकडे पाड्यावरून निघाल्यापासून महामार्ग लागेपर्यंत सगळाच गतिरोधक. त्यावर सात महिन्यांची पोटुशी बसवा आणि विचारा कळ आली का. अपेंडिक्स नसलेला ड्रायव्हरही हो म्हणेल.

डॉक्टर : मग १९५१ सालच्या ऑल्डर्सची युक्ती घ्या, तिला रस्ता लागत नाही. दुखरी जागा बोटानं नक्की करा, तिथे बोट तसंच ठेवून बाईला डाव्या कुशीवर वळवा. दुखणं डावीकडे सरकलं तर ते गर्भाशयाकडचं किंवा अंडाशयाकडचं असू शकतं. तिथेच राहिलं तर अपेंडिक्सचा संशय वाढतो. फार भरवसा ठेवू नका, पण चिठ्ठीत लिहा. आणखी एक. गर्भाशय वाढतं तसं अपेंडिक्स वर सरकतं, असं १९३२ सालच्या एका अभ्यासावरून आम्ही पाठ केलं होतं. पुढे दिसलं की कुठल्याही महिन्यात बहुतेक बायका खाली उजवीकडेच दुखतंय म्हणून सांगतात. वर दुखत नाही म्हणून अपेंडिक्स नाही, असं नवव्या महिन्यातही म्हणू नका.

सिस्टर : आणि पांढऱ्या पेशी?

डॉक्टर : गरोदरपणात त्या तशाही वाढलेल्या असतात, सोळा हजारांपर्यंत जाऊ शकतात. नुसत्या त्या आकड्यावर पोट उघडणारा सर्जन मला नको, आणि नुसत्या त्या आकड्यावर घरी पाठवणाराही नको.

वाद खरा पेटला तो नागपूरवरून. २०१४ साली नागपूरच्या एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत साठ वर्षांची, मध्य प्रदेशातली एक बाई आली. पोट दुखत होतं आणि उजवीकडे खाली गाठ लागत होती. कॅन्सर असेल या भीतीनं तपासण्या झाल्या. निघाला तो ३६ वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा. १९७८ साली तिला दिवस गेले होते, गर्भ गर्भाशयाबाहेर वाढतोय आणि ऑपरेशन करावं लागेल असं तिला तेव्हा सांगितलं होतं. ती ऑपरेशनला घाबरून गावी निघून गेली. पोट काही महिने दुखत राहिलं, मग थांबलं. गर्भाची हाडं तिच्या आत तशीच राहिली.

डॉक्टर : बघा. हिनं वेळेवर ऐकलं असतं तर ३६ वर्षं हे ओझं पोटात वागवावं लागलं नसतं. नशीब म्हणून वाचली. अशात बाईचा जीवही जाऊ शकतो. म्हणून म्हणतो, पाठवा आणि टेबलावर घ्या.

सिस्टर : तिला पाठवलं नव्हतं असं कुठे आहे? ती पोचली होती, तिला खरं कारणही सांगितलं होतं. तरी ती परत फिरली. माझं म्हणणं तेच आहे. गाडी आली, सर्जन आला, निदान झालं, आणि बाई मात्र बाहेर पडून घरी गेली. ती का घाबरली हे ऐकून घ्यायला माणूस लागतो, आणि नंतर तिच्या दारात जाऊन बसायलाही.

डॉक्टर : सर्जननं हे करायचं?

सिस्टर : नाही. आम्ही करायचं. पण तुम्ही आम्हाला चिठ्ठी फाडणारे समजता तोवर ते आमच्याकडून होत नाही.

यावर डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं, रात्री दोन वाजता पोटात रक्त साठत असलेल्या बाईच्या दारात बसून तुम्ही काय समजावणार? सिस्टरांनी हे लगेच मान्य केलं. चक्कर, पांढरेपणा, कडक पोट, खांद्यातली कळ, जड पापण्या, यातलं एकही दिसलं तर प्रश्न बंद, गाडी आधी. बाकीच्यांना एक तास. डॉक्टर अर्धा तास म्हणत होते. तो अर्ध्या तासाचा फरक शेवटपर्यंत राहिला आणि तो मिटवावा असं मला वाटत नाही. पाड्यापासून डांबरी रस्ता किती लांब आहे त्यावर तो ठरायला हवा.

माझं मत सिस्टरांच्या बाजूनं झुकतं. डॉक्टरांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे आणि अपेंडिक्सपुरता बरोबरही आहे. पण विरळा कारणांचा धागा बहुतेक वेळा घरातच सापडतो. पाळी कधी चुकली, नसबंदी झालीय का, आधी सिझर होतं का, रात्री खाटेवर झोपली होती की जमिनीवर, एरंडेल दिलं का, भगतानं पोट चोळलं का किंवा डाग दिला का, हे ठाण्याच्या कॅज्युअल्टीत पहाटे चार वाजता कुणी विचारत नाही. विचारलंच तर सोबत आलेल्या नवऱ्याला ठाऊक नसतं. बाई स्वतः सांगेल, पण ती तोपर्यंत शुद्धीवर हवी. म्हणून हे प्रश्न गाडी यायची वाट बघताना विचारायचे आणि उत्तरं कागदावर उतरवायची. गाडी थांबवून नाही. गाडी बोलावून.

शहापूर, मुरबाड किंवा तशाच कुठल्याही तालुक्यात राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. गरोदर बाईच्या पोटात दुखत असेल तर एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका, दुकानातली वेदनाशामक गोळी देऊ नका, डॉक्टर बघेपर्यंत काही खायला घालू नका. १०८ वर फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की बाई गरोदर आहे आणि कितवा महिना आहे. कळ किती वाजता सुरू झाली ते माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या जागेत पेनानं लिहा आणि ते कार्ड नवऱ्याच्या खिशात नको, बाईच्या हातात द्या. कळ पहाटे सुरू झाली असेल आणि ती जमिनीवर झोपली असेल, तर तेही लिहा, आणि गाडीत बसल्यापासून दर थोड्या वेळानं तिच्या पापण्यांकडे बघत राहा.